विरजणाचा पाव आणि त्याचे पोषणमूल्य

एखाद्या अन्नपदार्थाचे पोषणमूल्य दोन प्रकारे सांगता येते. पदार्थाचे रासायनिक पृथक्करण करून त्यात प्रथिने किती, लोह किती, कॅल्शियम किती हे ठरविणे, हा पहिला प्रकार होय. आहारशास्त्राच्या कोष्टकांतून आढळणारे आकडे बहुतेक याच प्रकारचे असतात. दुसरा प्रकार याहून अवघड आहे. त्या पदार्थातील कोणते घटक आतड्यांतून शोषले जातात आणि किती प्रमाणात रक्तात उतरतात, हे त्यात पाहावे लागते. पेटीत किती नाणी आहेत हे पहिला आकडा सांगतो. त्यांपैकी हाती किती पडतील हे दुसरा आकडा सांगतो. या दोन आकड्यांमधील अंतर ज्या अन्नात विशेष स्पष्टपणे दिसून येते, ते अन्न म्हणजे गव्हाचा पाव. हे अंतर कमी करण्याची जुनी रीत म्हणजे पीठ विरजण लावून सावकाश आंबविणे. इंग्रजीत ‘सावरडो’ या नावाने ओळखला जाणारा पाव याच रीतीने तयार होतो. मराठीत त्याला विरजणाचा पाव म्हणावयास हरकत नाही.

हा प्रश्न केवळ चवीचा किंवा हौसेचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के, तर कर्नाटकात सुमारे ४८ टक्के होते. गहू, ज्वारी, नाचणी ही धान्ये नित्य खाणाऱ्या, पोट भरण्यापुरते अन्न मिळणाऱ्या घरांतूनही रक्तक्षय आढळतो. धान्यात लोह असूनही ते शरीराला पुरेसे मिळत नाही, हे त्यामागील एक कारण आहे.

नाचणीच्या मुलखातील पाव

बंगळुरूच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, हे ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या पठारी प्रदेशाचे परंपरागत धान्य नाचणी, अर्थात तेथील भाषेत रागी. नाचणीच्या पिठाचा घट्ट शिजविलेला गोळा म्हणजे ‘मुद्दे’ आणि पातळ पेज म्हणजे ‘अंबली’, हे तेथील कष्टकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होय. महाराष्ट्रातील आंबील ही या अंबलीची सख्खी बहीण आहे. आंबणे या क्रियेशी असलेले तिचे नाते तिच्या नावातच सांगितलेले आहे.

१९४८ साली या भागाच्या शेजारी भारतीय दूरध्वनी उद्योगाचा कारखाना उभा राहिला. पुढे माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या व्हाइटफील्डच्या दिशेने पसरल्या. २००७ साली के. आर. पुरमची नगरपालिका बंगळुरूच्या महानगरपालिकेत विलीन झाली आणि २०२३ साली मेट्रो रेल्वे तेथवर पोहोचली. कामाच्या वेळा बदलल्या तसा शहरातील सकाळचा आहारही बदलला. जेथे अंबली प्याली जात असे, तेथे कागदात गुंडाळलेला कापीव पाव आला. २०२० सालच्या टाळेबंदीत जगभर घरी पाव भाजण्याची जी लाट आली, तीत बंगळुरूतील अनेक घरेही सामील झाली. बाजारात यीस्ट मिळेनासे झाले, तेव्हा पीठ आणि पाणी यांपासून घरीच विरजण तयार करण्याकडे लोक वळले.

या प्रयोगाला बंगळुरूचे हवामान अनुकूल आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात चार तासांत आंबून जाणारे पीठ येथील सौम्य हवेत रात्रभर सावकाश फुगत राहते. हा सावकाशपणा पोषणाच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसून येईल. तत्पूर्वी विरजणात घडते काय, ते समजून घेतले पाहिजे.

विरजणात काय असते

गव्हाचे अख्खे पीठ आणि पाणी समभाग घेऊन कालविले आणि बरणीत झाकून ठेवले, तर एक-दोन दिवसांत त्यात बुडबुडे दिसू लागतात. दररोज त्यातील काही भाग काढून टाकून ताजे पीठ व पाणी घालीत गेल्यास सात ते दहा दिवसांत मिश्रणाला दह्यासारखा आंबूस, किंचित फळासारखा वास येतो आणि ते नियमितपणे फुगू लागते. पहिल्या दिवसांतील बुडबुडे फसवे असतात. ते निरनिराळ्या, पुष्कळदा नकोशा जीवाणूंमुळे येतात. आम्लता वाढत गेली की हे जीवाणू मागे पडतात आणि आम्लात तग धरणारे सूक्ष्मजीव तेवढे टिकून राहतात. मिश्रणावर गुलाबी, काळी किंवा हिरवट बुरशी दिसल्यास मात्र ते सर्व टाकून देणे हेच योग्य होय.

पक्व विरजणात दोन प्रकारचे सूक्ष्मजीव एकत्र नांदत असतात. पहिला प्रकार किण्वांचा, म्हणजे यीस्टचा. ही किण्वे शर्करेपासून कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण करतात आणि त्या वायूने पीठ फुगते. दुसरा प्रकार लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंचा. दह्याच्या विरजणात काम करतात त्यांच्याच कुळातील हे जीवाणू होत. त्यांच्यामुळे पिठात लॅक्टिक आणि काही अंशी ॲसेटिक आम्ल साठते. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध आंबट पावातील हे सहजीवन अमेरिकेच्या कृषिखात्यातील शास्त्रज्ञ लिओ क्लाइन व टी. एफ. सुगिहारा यांनी १९७१ साली उलगडून दाखविले. तेथील किण्व माल्टोज ही शर्करा वापरीत नाही आणि जीवाणूला नेमकी तीच हवी असते. त्यामुळे दोघांत भांडण होत नाही व विरजण वर्षानुवर्षे टिकून राहते.

बाजारी यीस्टमध्ये मात्र एकाच जातीचे किण्व शुद्ध स्वरूपात वाढविलेले असते. एकोणिसाव्या शतकात ते कारखान्यांतून तयार होऊ लागले आणि पाव करणाऱ्याचा वेळ मोठ्या प्रमाणावर वाचला. १९६१ साली इंग्लंडमधील चॉर्लीवुड येथे जी पद्धत विकसित झाली, तीत पीठ अतिवेगाने घुसळून पिठापासून पावापर्यंतचा सारा प्रवास सुमारे साडेतीन तासांवर आणण्यात आला. पाव स्वस्त झाला, मऊ झाला, सर्वांना मिळू लागला. हा लाभ लहान नव्हता. परंतु वायूने पीठ फुगविणे हे आंबण्याचे एकच काम आहे, अशी समजूत या पद्धतीच्या मुळाशी होती. आंबण्याची उरलेली कामे वेळाअभावी राहून गेली.

फायटिक आम्लाचे कुलूप

त्या उरलेल्या कामांत सर्वांत महत्त्वाचे काम फायटिक आम्लाचे विघटन हे होय. वनस्पती आपल्या बियांत फॉस्फरसचा साठा याच आम्लाच्या रूपाने करून ठेवतात. धान्यात ते मुख्यतः कोंड्याच्या थरांत आढळते. गव्हाच्या १०० ग्रॅम अख्ख्या पिठात त्याचे प्रमाण सहाशे मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असते. या आम्लाच्या रेणूला लोह, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम अशी खनिजे घट्ट चिकटून राहतात. माणसाच्या आतड्यांत हे बंध पुरेसे तोडणारी यंत्रणा नसल्यामुळे ती खनिजे शोषली न जाता तशीच बाहेर पडतात. येथे एक विरोधाभास निर्माण होतो. खनिजे कोंड्यात असतात आणि त्यांना अडविणारे कुलूपही कोंड्यातच असते.

या गोष्टीचा प्रत्यय मोठ्या प्रमाणावर प्रथम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आला. धान्याची बचत व्हावी म्हणून ब्रिटनमध्ये अधिक कोंडायुक्त पीठ वापरावयाचे ठरले. त्या वेळी एल्सी विडोसन व रॉबर्ट मॅकॅन्स या शास्त्रज्ञांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग केले. पांढऱ्या पावापेक्षा करड्या पावाच्या आहारात कॅल्शियमचे शोषण कमी होते आणि त्याचे कारण फायटिक आम्ल आहे, असे त्यांनी १९४२ साली दाखविले. या संशोधनामुळे युद्धकाळातच तेथील पिठात खडूच्या रूपाने कॅल्शियम मिसळण्यात येऊ लागले.

याहून हृदयद्रावक उदाहरण इराणमधील आहे. बिहारमध्ये जन्मलेले डॉक्टर आनंद प्रसाद हे शिराझ येथे काम करीत असताना त्यांना खेड्यांतील काही तरुण आढळले. वयाने वीस वर्षांचे असूनही ते उंचीने व वाढीने लहान मुलांसारखे दिसत आणि त्यांना तीव्र रक्तक्षय होता. त्यांच्या आहारात प्राणिजन्य प्रथिने जवळजवळ नव्हती. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे न आंबविलेल्या अख्ख्या पिठाचा पाव. १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात प्रसाद यांनी जस्ताच्या कमतरतेची शंका मांडली आणि पुढे इजिप्तमध्ये केलेल्या अभ्यासाने तिला पुष्टी मिळाली. तोपर्यंत माणसात जस्ताची कमतरता उद्भवू शकते, असे कोणी मानीत नसे. १९७१ साली जॉन राइनहोल्ड यांनी इराणच्या ग्रामीण व शहरी पावांचे पृथक्करण केले, तेव्हा खेड्यातील न आंबविलेल्या पावात फायटिक आम्लाचे प्रमाण बरेच अधिक असल्याचे दिसून आले. पुढील संशोधनात या दोषाचा काही वाटा कोंड्यातील तंतूंकडेही जातो असे निष्पन्न झाले. तरीही मूळ निष्कर्ष कायम राहिला: पोटभर खाल्लेले, कागदावर खनिजांनी समृद्ध असलेले अन्न शरीराला उपाशी ठेवू शकते.

कुलपाची किल्ली धान्यातच

सुदैवाने या कुलपाची किल्लीही निसर्गाने धान्यातच ठेवली आहे. गव्हाच्या दाण्यात फायटेज नावाचे एन्झाइम असते. बीज अंकुरताना फॉस्फरस मोकळा करणे हे त्याचे काम. कोरड्या पिठात ते निष्क्रिय असते. पाणी मिळाले आणि मिश्रण किंचित आम्ल झाले की ते जागे होते. आम्लता मोजण्याच्या पीएच मापनात ५ ते ५.५ च्या आसपास ते सर्वाधिक कार्यक्षम असते. नुसत्या पाण्यात भिजविलेल्या पिठाचा पीएच ६ च्या जवळपास असतो. बाजारी यीस्टने तो थोडासाच उतरतो आणि तास-दीड तासात पाव भट्टीत जातो. विरजण लावलेल्या पिठात मात्र जीवाणूंच्या आम्लामुळे पीएच हळूहळू ५.५, ५ आणि अखेरीस ४ च्या आसपास येतो. फायटेजला काम करण्यास हवी तेवढी आम्लता आणि हवा तेवढा वेळ, दोन्ही मिळतात.

फ्रान्समधील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे स्पष्टपणे दिसून आले. पिठाचा पीएच ५.५ पर्यंत आणला असता त्यातील सुमारे ७० टक्के फायटिक आम्लाचे विघटन झाले. आम्लता न वाढविता व काहीही न लावता ठेवलेल्या पिठात हे प्रमाण सुमारे ४० टक्केच राहिले. विशेष म्हणजे विरजणाऐवजी नुसते लॅक्टिक आम्ल घातले, तरी परिणाम तसाच झाला. यावरून असे ठरते की विरजण स्वतः खनिजे निर्माण करीत नाही. धान्यातील एन्झाइमला अनुकूल परिस्थिती निर्माण करून देणे एवढेच त्याचे काम असते.

लोहाच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. स्वीडनमधील ग्योटेबर्ग येथे झालेल्या अभ्यासांवरून असे आढळले की फायटिक आम्लाचे अल्प प्रमाणही लोहाचे शोषण बरेच कमी करते. म्हणून अर्धे आम्ल नष्ट झाले की लोहाचे शोषण दुप्पट होईल, असा हिशेब मांडता येत नाही. आंबवण जितके पूर्ण, तितका लाभ अधिक. त्याच अभ्यासांतून दिसून आलेली दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरांना सोयीची आहे: क जीवनसत्त्व फायटिक आम्लाच्या विरोधावर मात करण्यास मदत करते. पावाबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर, पेरू, आवळा किंवा टोमॅटो असला, तर त्यातील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. चहाचा परिणाम याच्या उलट होतो. चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाला बांधून टाकतात. पाव चहात बुडवून खाण्याची आपली सवय या दृष्टीने हितकारक नाही.

एका पावाचा हिशेब

आता घरी केलेल्या एका पावाचा हिशेब मांडून पाहू. गव्हाचे अख्खे पीठ ५०० ग्रॅम, पक्व विरजण १०० ग्रॅम (ज्यात ५० ग्रॅम पीठ व ५० ग्रॅम पाणी आले), पाणी सुमारे ४०० ग्रॅम आणि मीठ १० ग्रॅम. भाजताना काही पाणी उडून जाते आणि सुमारे ८७० ग्रॅमचा पाव तयार होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार, गव्हाच्या १०० ग्रॅम अख्ख्या पिठात प्रथिने सुमारे १०.६ ग्रॅम, तंतू ११.४ ग्रॅम आणि लोह ४.१ मिलिग्रॅम असते. या आधारे, दोन जाड कापांइतक्या, म्हणजे १०० ग्रॅम पावात सुमारे २०० किलोकॅलरी उष्मांक, ६.७ ग्रॅम प्रथिने, ७ ग्रॅम तंतू आणि २.६ मिलिग्रॅम लोह येते.

हाच पाव मैद्याचा केला, तर प्रथिनांत फारसा फरक पडत नाही. परंतु मैद्यात लोह १०० ग्रॅममागे सुमारे १.८ मिलिग्रॅम आणि तंतू २.८ ग्रॅमच असल्याने पावातील लोह निम्म्याहून कमी व तंतू एक-चतुर्थांशावर येतात. कोंडा काढून टाकल्यामुळे मैद्यात फायटिक आम्लही थोडेच उरते. मग विरजणाने उघडावयाचे कुलूपच फारसे शिल्लक राहत नाही आणि आतील ऐवजही गेलेला असतो. म्हणून मैद्याचा विरजणाचा पाव चवीला कितीही उत्तम असला, तरी खनिजांच्या दृष्टीने त्याची थोरवी गाण्यात अर्थ नाही. विरजणाचा खरा उपयोग अख्ख्या पिठालाच होतो. कोंडा ठेवावा आणि त्याचा दोष आंबवून काढावा, असा हा दुहेरी मार्ग आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली सुचविलेल्या प्रमाणांनुसार प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषास १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे. दोन कापांतील २.६ मिलिग्रॅम हा त्याचा लहानसा अंश आहे. तेव्हा पाव बदलल्याने रक्तक्षय बरा होईल, असे मानणे चुकीचे ठरेल. ज्यांना रक्तक्षय झालेला आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेण्यास पर्याय नाही. मात्र रोज खाल्ल्या जाणाऱ्या अन्नातील लोह वाया जाऊ नये, एवढी अपेक्षा करणे रास्त होय.

मिठाकडेही लक्ष असावे. वरील प्रमाणात १०० ग्रॅम पावातून १ ग्रॅमपेक्षा थोडे अधिक मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे. विरजणाच्या पावाला स्वतःची आंबूस चव असल्याने मीठ काहीसे कमी केले तरी तो अळणी लागत नाही.

नाचणीची भर

के. आर. पुरमच्या परिसरात या पावाला एक स्थानिक भर घालणे सहज शक्य आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हाच्या पिठात ते ३१ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. वरील पावातील गव्हाचे १०० ग्रॅम पीठ काढून त्या जागी तेवढेच नाचणीचे पीठ घातले, तर १०० ग्रॅम पावातील कॅल्शियम सुमारे २० मिलिग्रॅमवरून ५८ मिलिग्रॅमवर, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते.

नाचणीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्या लागतात. तिच्यात ग्लुटेन हे चिवट प्रथिन नसल्यामुळे ती वायू धरून ठेवू शकत नाही. एकूण पिठाच्या पाचव्या हिश्श्याहून फार अधिक नाचणी घातल्यास पाव दडस होतो. दुसरे असे की तिच्या तांबूस सालीतील टॅनिनवर्गीय द्रव्येही लोहाला अडवितात. यावर जुन्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळणे. मोड येताना दाण्यातील एन्झाइमे जागी होतात आणि फायटिक आम्ल व टॅनिन दोन्ही कमी होतात. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मोड आणलेल्या नाचणीवर पुष्कळ संशोधन झालेले आहे. लहान मुलांना नाचणीचे सत्त्व देण्याची महाराष्ट्रातील रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे. मोड आणलेल्या पिठाचे प्रमाण मात्र थोडेच ठेवावे, कारण त्यातील एन्झाइमांमुळे पाव आतून चिकट होण्याचा संभव असतो.

पीठ आंबवून भाजण्याची विद्या भारताला नवी नाही, हेही येथे नमूद करणे उचित होईल. गोव्यात पोर्तुगीज काळापासून पदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवीत असत. सुरेत किण्वे आणि आम्लनिर्मिती करणारे जीवाणू दोन्ही असतात. त्यामुळे जुन्या पद्धतीची कोंड्याची पोळी, जिला गोव्यात पोई म्हणतात, ही आपल्याकडील विरजणाच्या पावाचे उत्तम उदाहरण होती. पुढे सुरेची जागा बहुतांशी यीस्टने घेतली. इडली, डोसा, आंबोळी यांच्या पिठांतही लॅक्टिक जीवाणूंचेच कार्य चालू असते.

रक्तातील साखर आणि इतर दावे

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. साहजिकच विरजणाच्या पावाने रक्तातील साखर सावकाश वाढते, या म्हणण्याकडे अनेकांचे लक्ष वेधले जाते. या म्हणण्याला आधार आहे. लॅक्टिक आम्लामुळे पावातील पिष्टाचे पचन मंदावते आणि ॲसेटिक आम्लामुळे अन्न जठरातून पुढे सरकण्यास अधिक वेळ लागतो, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखविले. साध्या पांढऱ्या पावाचा ग्लायसेमिक निर्देशांक सत्तरच्या पुढे असतो, तर विरजणाच्या पावाचा पुष्कळदा पन्नाशीच्या घरात आढळतो.

तथापि सर्वांच्या शरीरावर हा परिणाम सारखाच होतो असे नाही. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत २०१७ साली २० निरोगी व्यक्तींना एक आठवडा कारखान्यातील पांढरा पाव आणि एक आठवडा अख्ख्या पिठाचा विरजणाचा पाव देण्यात आला. सरासरीने पाहता दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. काहींची साखर एका पावाने अधिक वाढली, तर काहींची दुसऱ्याने. आणि हा भेद त्यांच्या आतड्यांतील जीवाणूंशी निगडित होता. मधुमेही व्यक्तीने विरजणाचा पाव हे औषध न समजता, तो खाऊन स्वतःची साखर मोजून पाहणे हेच शहाणपणाचे होय. कितीही सावकाश पचला, तरी पाव हा पिष्टमय पदार्थ आहे आणि त्याचे प्रमाण मर्यादितच असावे लागते.

आणखी दोन समजुती दूर करणे आवश्यक आहे. पहिली, या पावातून दह्याप्रमाणे जिवंत जीवाणू पोटात जातात ही. भाजताना पावाच्या अंतर्भागाचे तापमान ९५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते. त्यात किण्वे व जीवाणू टिकत नाहीत. त्यांनी केलेले काम तेवढे मागे उरते. दुसरी समजूत अधिक धोकादायक आहे. आंबविल्यामुळे ग्लुटेन नाहीसे होते, असे काही जण मानतात. ते काही अंशी तुटते, हे खरे. पण ज्यांना सीलिअक रोग आहे, त्यांना अपाय करण्याइतके ते घरगुती पावात निश्चितपणे शिल्लक राहते. अशा रुग्णांनी गव्हाचा कोणताही पाव खाऊ नये. ज्यांना गव्हाने केवळ पोट फुगण्याचा त्रास होतो, त्यांच्यापैकी काहींना मात्र हा पाव सोसतो. गव्हातील फ्रुक्टान ही कर्बोदके दीर्घ आंबवणीत कमी होतात, हे त्याचे एक कारण आहे.

घरच्या पावाचा विशेष

घरी केलेल्या पावाचा एक गुण कोष्टकात मांडता येत नाही. त्यात काय घातले आहे हे खाणाऱ्याला पूर्णपणे ठाऊक असते. पीठ, पाणी, मीठ आणि वेळ यांखेरीज त्याला काही लागत नाही. २०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील पावांत पोटॅशियम ब्रोमेटचे अंश सापडल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी सरकारने या द्रव्याच्या वापरावर बंदी घातली. पीठ लवकर तयार व्हावे व पाव अधिक फुगावा म्हणून ते वापरले जात असे. जे काम वेळ करतो, ते रसायनाकडून करून घेण्याचा तो प्रयत्न होता.

आंबट चव हा मात्र विरजणाचा पुरावा नव्हे. यीस्टने झटपट फुगविलेल्या पावात व्हिनेगर किंवा आंबट चूर्ण घालूनही ती चव आणता येते. करडा रंग हाही अख्ख्या पिठाचा पुरावा नव्हे. तो जळक्या साखरेनेही येतो. विकत घेणाऱ्याने वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. तीत प्रथम मैदा लिहिला असेल, तर पाव मुख्यतः मैद्याचाच आहे असे समजावे.

घरी हा पाव करणाऱ्याने रात्री झोपण्यापूर्वी पीठ मळून ठेवले, तर बंगळुरूसारख्या हवेत आठ ते बारा तासांत ते भाजण्यास योग्य होते. एप्रिल-मे महिन्यांत हा अवधी बराच कमी होतो. तेव्हा विरजण कमी घालावे किंवा पीठ काही वेळ शीतकपाटात ठेवावे. फार आंबल्यास आम्लामुळे ग्लुटेनची जाळी तुटते आणि पाव बसतो. दररोज बाजूला काढावे लागणारे विरजण फेकून देण्याचेही कारण नाही. एकदा विरजण पक्व झाले, की तो भाग डोशात, धिरड्यात किंवा थालीपिठात खपतो. ज्यांच्याकडे भट्टी नाही, त्यांनी हेच विरजण चमचाभर पोळीच्या कणकेत मिसळून ती काही तास झाकून ठेवावी. पोळी किंचित आंबूस लागेल. परंतु तीतील फायटिक आम्लाचे विघटन याच रीतीने घडेल.

विरजणाच्या पावाचे पोषणमूल्य म्हणजे त्यात बाहेरून आलेले कोणतेही नवे द्रव्य नव्हे. धान्यात जे मुळातच होते, ते शरीराच्या हाती पडावे म्हणून दिलेला वेळ, हेच ते मूल्य होय. आंबील घुसळणाऱ्या, नाचणीला मोड आणणाऱ्या, सुरेने पीठ आंबविणाऱ्या माणसांना फायटेजचे नाव माहीत नव्हते; पण ही क्रिया त्यांच्या नित्याच्या सवयीची होती. धावपळीच्या शहरी जीवनात त्यांच्यापैकी कोणती रीत टिकवावयाची, हे प्रत्येक घराने आपल्या सोयीप्रमाणे ठरवावे. मुद्द्यासाठी नाचणी दळून आणणाऱ्या घराला पाव भाजलाच पाहिजे असे नाही. पाव खाणाऱ्या घराने मात्र तो अख्ख्या पिठाचा आणि पुरेसा आंबलेला असावा, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधेल.